घरपट्टी भरतोय म्हणजे आपण सरकारचे भाडेकरू का? जमिनीच्या मालकीबद्दल थोडं सविस्तर

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वडिलांच्या नावावर गावात घर आहे, दीड एकर शेत आहे, आणि बेळगावला लागून बाँडवर, म्हणजे नोंदणी न करता नुसत्या स्टँप पेपरवर लिहून घेतलेला दोन गुंठ्यांचा प्लॉट आहे. तिन्हीची पट्टी दरवर्षी भरताय. त्यात कोणीतरी एक व्हिडिओ पाठवला, अमेरिकेतला माणूस सांगतोय की टॅक्स थकला की सरकार घर विकून टाकतं, म्हणजे ते घर तुमचं नव्हतंच, तुम्ही भाडेकरू. मग आपलीसुद्धा मालकी नुसती कागदावरच का, असं तुमचं म्हणणं.

एका ओळीत सांगायचं तर मालकी खरी आहे, पट्टीमुळे ती जात नाही. पण ती जिथं खरोखर वाकते त्या जागा वेगळ्याच आहेत आणि त्या व्हिडिओत त्यांचं नावसुद्धा नाही. बेळगाव-खानापूरच्या कोर्टात जमिनीचेच दावे बघत माझी वकिली गेली, त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी भाडं आणि कर यातला फरक बघू, कारण सगळा घोळ तिथं आहे. भाडेकरूनं भाडं थकवलं तर घरमालक त्याला बाहेर काढतो आणि विषय संपला, घराची किंमत वाढली तरी भाडेकरूला त्यातला रुपया मिळत नाही. साऱ्याच्या थकबाकीसाठी सरकारनं जमीन लिलावात काढली तर थकबाकी आणि खर्च वजा जाऊन जे उरतं ते तुमचं, ते तुम्हाला परत द्यावं लागतं. आणि लिलाव झाल्यावरसुद्धा ३० दिवसांच्या आत पैसे भरून विक्री रद्द करून घेता येते. आता सांगा, वस्तू सरकारचीच असती तर उरलेले पैसे तुम्हाला कशाला दिले असते? हाच मुद्दा त्या व्हिडिओवाल्याच्या देशातसुद्धा सुप्रीम कोर्टात गेला होता, मिनेसोटा राज्यात जेराल्डीन टायलर नावाच्या नव्वदी ओलांडलेल्या बाईंचा फ्लॅट कर, व्याज, दंड मिळून सुमारे १५ हजार डॉलरच्या थकबाकीपोटी तिथल्या काउंटीनं ४० हजारांना विकला आणि वरचे २५ हजारही ठेवून घेतले. २०२३ मध्ये तिथल्या सगळ्या न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की हे चालणार नाही, जास्तीचे पैसे त्या बाईंचे. म्हणजे कर वसूल करायचा हक्क सरकारचा, पण वस्तू तिची.

दुसरं बघा. शेतसारा राज्य सरकार घेतं, गावातल्या घराची पट्टी ग्रामपंचायत घेते आणि शहरात महानगरपालिका. कर म्हणजे भाडं असेल तर पंचायत तुमच्या घराची मालक कधी झाली? तिच्याकडं ना तुमच्या जागेचा कागद ना कुठला हक्क, गटारं आणि रस्त्यावरचे दिवे यासाठी ती पैसे घेते, आता दिवे लागतात की नाही तो भाग सोडा. बाईकचा टॅक्स नाही भरला तर आरटीओ बाईक जप्त करतो, म्हणून बाईक आरटीओच्या बापाची आहे असं कोणी म्हणत नाही, तेवढंच.

आणि विकायचं, गहाण टाकायचं, मुलाच्या नावावर करायचं, मृत्युपत्रात कोणाला द्यायचं, शेजाऱ्यानं बांध कोरला तर त्याच्यावर दावा लावायचा, हे सगळं तुम्ही करता की. भाडेकरूला यातलं काय करता येतं?

आता एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, आपल्या भागाच्या कायद्यात ही अट लिहिलेलीच आहे. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे इथं १८७९ चा मुंबई जमीन महसूल कायदा चालायचा, आणि त्यात भोगवटादाराचा, म्हणजे सरकारला थेट सारा भरणाऱ्या धारकाचा हक्क कायमचा आहे, वारसानं जातो, विकता येतो, पण सारा भरण्याच्या अटीवर, असं म्हटलेलं होतं. १९६४ च्या कर्नाटक कायद्यातही रचना तीच ठेवली. त्यामुळे ‘सरकारचा काही संबंधच नाही, माझी जमीन म्हणजे माझंच राज्य’ असं कोणी म्हणत असेल तर तेही खरं नाही. सरकारचा सारा हा जमिनीवरचा पहिला बोजा, बँकेच्याही आधी.

पण हे काही इंग्रजांनी डोक्यातून काढलेलं नाही. आपल्याकडं पेशवाईत मिरासदार आणि उपरी असे दोन प्रकारचे शेतकरी होते. उपरी म्हणजे गावाची जमीन ठरावावर कसणारा, ठराव संपला की गेला. मिरासदार मात्र जमिनीचा धनी, वतनासारखी पिढ्यानपिढ्या, आणि गंमत अशी की तो सरकारला धारा भरायचाच, बऱ्याच ठिकाणी उपऱ्यापेक्षा जास्त भरायचा. दुष्काळात गाव सोडून गेलेला मिरासदार कैक वर्षांनी परत आला आणि बाकी चुकती केली की आपली जमीन मागू शकायचा. १८१९ मध्ये एल्फिन्स्टननं पेशव्यांच्या मुलखावर जो अहवाल लिहिला त्यात त्यानंही मिरासदारांना जमिनीचे मालक असंच म्हटलंय. म्हणजे धारा भरतो म्हणून मालक नाही, असा विचार इथं कोणाच्या डोक्यातच नव्हता, उलट धारा कोणाच्या नावावर भरला जातोय यावरून गाव त्याची मिरास ओळखायचं. त्याच्याही मागं जायचं असेल तर वेदातल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसावाल्यांनी विश्वजित यज्ञाची चर्चा केलीय, त्या यज्ञात सर्वस्व दान करायचं असतं, तर राजाला पृथ्वी दान करता येईल का? उत्तर नाही, कारण भूमी सगळ्यांची सारखीच, राजाचा तिच्यावर वेगळा असा हक्क नाही. भाष्यकारांनी पुढं सांगितलं की राजाला मिळतो तो रक्षणापोटी पिकाचा वाटा. आमच्याकडं दाव्यात हे कोणी वाचत नाही म्हणा, पण मला आवडतं.

आणि आपल्या सीमाभागाचं तर उदाहरणच बघा. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला पेशव्यांकडून इंग्रजांकडं गेला, १९४७ ला इंग्रज गेले, १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, १९७३ ला त्याचं नाव कर्नाटक झालं. सारा घेणारा इतक्या वेळा बदलला, उताऱ्याची भाषा बदलली, सातबाऱ्याचं आरटीसी झालं, पण नुसतं राज्य बदललं म्हणून शेताच्या मालकाचं नाव कुठं बदललं नाही. माझ्याकडं अजून असे दावे येतात की खरेदीपत्र मोडीत, मधले उतारे मराठीत, आत्ताचं आरटीसी कन्नडमध्ये, आणि जमीन तीच, घराणं तेच. आता आजोबांचं मोडी खरेदीपत्र वाचून घ्यायला माणूस शोधावा लागतो ही अडचण खरी, त्याच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

वसुली प्रत्यक्षात कशी होते तेही सांगतो. शेतसारा इतका थोडा आहे की तलाठ्याला तो गोळा करायला येणं परवडत नसेल. घरपट्टी थकली की नोटीस येते, दंड चढत जातो, मग जंगम माल जप्त करायची धमकी, आणि शेवटी दाखला पाहिजे असला किंवा वारसाची वर्दी (नाव लावायचा अर्ज) द्यायची झाली की तिथं अडवतात आणि माणूस निमूटपणे भरतो. निव्वळ घरपट्टीपायी बेळगावात कोणाचं राहतं घर लिलावात गेल्याचं मी बघितलेलं नाही. बँक आणि सोसायटीच्या कर्जापायी गेलेली बघितलीत, खूप बघितलीत. त्यामुळे झोप उडवायचीच असेल तर पट्टीपेक्षा कोणाला जामीन राहताय याच्यावर उडवा.

मग मालकी वाकते कुठं? पहिलं आणि सगळ्यात मोठं उदाहरण १ मार्च १९७४. कर्नाटकाच्या भूसुधारणा कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या दिवशी कुळाकडं असलेली सगळी जमीन सरकारजमा झाली, सहीची गरज नाही, मालकाच्या संमतीची गरज नाही. कुळानं सात नंबरचा फॉर्म भरायचा, लँड ट्रिब्युनलनं चौकशी करायची आणि हक्क कुळाच्या नावावर. फॉर्म भरायची मुदत वाढत वाढत ३० जून १९७९ पर्यंत गेली. आता यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर दडलंय ते बघा, त्या मालकांतल्या बहुतेकांनी सारा एक पैसा थकवला नव्हता. पावत्या सगळ्या फायलीला लावलेल्या असायच्या, त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. जमीन गेली ती करापायी नाही, समाजाचं धोरण म्हणून कायदा झाला म्हणून गेली. मला विचाराल तर त्या कायद्यानं आपल्या भागातल्या हजारो कसणाऱ्यांना पहिल्यांदा स्वतःची जमीन मिळाली आणि ते योग्यच झालं, पण त्याच वेळी चार एकर भाच्याला अर्धेलीनं लावून मुंबईच्या गिरणीत गेलेला माणूसही त्यात सापडला, तोही ‘जमीनदार’च ठरला. काही प्रकरणं अजून हायकोर्टात आहेत, मूळ अर्जदार आणि मूळ मालक दोघंही वर गेले.

तसंच वतनांचं. पाटील-कुलकर्ण्यांसारख्या गावकामगारांची वतनं १९६१ च्या कायद्यानं १ फेब्रुवारी १९६३ ला रद्द झाली, जमिनी सरकारकडं जाऊन रिग्रँट करून, म्हणजे नव्यानं मंजूर होऊन परत मिळाल्या, पण अटींसकट. अशी जमीन परवानगीशिवाय घेतलेल्याला आरटीसीवर आपलं नाव बघून वाटतं झालं, मालक झालो, आणि मग एक दिवस ए.सी. (असिस्टंट कमिशनर) ऑफिसची नोटीस येते. अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना सरकारनं दिलेल्या जमिनीचा १९७८ चा पीटीसीएल कायदा त्याहून कडक, कितीही जुनी खरेदी उलटू शकते, २०२३ च्या दुरुस्तीनं तर कालमर्यादेचा बचावही काढून घेतला. म्हणून मी पक्षकाराला पट्टीची पावती मागतच नाही आधी, म्हणतो जमीन मुळात कुठल्या सत्तेची, म्हणजे कुळाची, वतनाची की ग्रँटची (सरकारनं दिलेली) ते सांगा.

बेळगावातच याचं डोळ्यांसमोरचं उदाहरण पाहिजे असेल तर कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या भागात जा. जुने बंगले आहेत ना कौलारू, मोठ्या आवाराचे, त्यातले बरेच ओल्ड ग्रँटचे. वरचं बांधकाम मालकाचं, खालची जमीन केंद्र सरकारची. विकायला परवानगी, वाढवायला परवानगी, आणि सरकारनं मागितलं तर नोटीस देऊन बांधकामाची किंमत हातात ठेवून परत घेता येतं. तुमचा व्हिडिओवाला जे म्हणतोय ते खरोखर लागू पडतं ते अशा ठिकाणी. त्याच्यापासून थोड्या अंतरावर शहापूर-वडगावात सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावरचं जुनं घर, दोघंही कर भरतात, पावत्या बघून फरक कळणार नाही, पण एक मालक आणि दुसरा जवळजवळ पाहुणा. फरक कराचा नाही, मूळ कागदाचा आहे.

भूसंपादन तर तुम्हाला सांगायला नको, हलगा-मच्छे बायपास आणि रिंगरोडची आंदोलनं बघतच आलाय. राष्ट्रीय महामार्गासाठी असेल तर महामार्ग कायद्याच्या थ्री-ए कलमाची नोटीस निघते, हरकती ऐकतात असं म्हणायचं, आणि थ्री-डी कलमाची घोषणा प्रसिद्ध झाली की त्या क्षणी जमीन केंद्र सरकारची होते, पीक तुमचं अजून उभं असतं, पैसे हातात यायचे असतात, पण मालकी गेलेली असते. ताबा घ्यायच्या आधी मोबदला जमा करावा लागतो, आणि २०१३ च्या कायद्यानं तो बाजारभावाच्या दुप्पट, खेड्यात चौपटीपर्यंत जाऊ शकतो. आता ‘बाजारभाव’ म्हणजे कागदावरचा भाव, आणि आपणच वर्षानुवर्षं खरेदीत स्टँप वाचवायला कमी दाखवलेला. हे ऐकून शेतकरी माझ्यावर चिडतात, पण ते खरं आहे.

घटनेचं सांगायचं तर मालमत्तेचा हक्क पूर्वी मूलभूत होता, १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं तो काढून ३००अ कलमात टाकला, कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही एवढंच त्यात लिहिलंय. ऐकायला लंगडं वाटतं. पण कोर्टांनी त्यात बराच जीव घातला. नटी देविकाराणी आणि तिचे पती रोरिक यांची बेंगळुरूजवळची इस्टेट कर्नाटक सरकारनं घेतली त्या खटल्यात २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सार्वजनिक हेतू पाहिजेच आणि मोबदल्याचा प्रश्नही त्या कलमात गृहीत आहे. २०२० मध्ये हिमाचलातल्या विद्यादेवी म्हणून एका म्हाताऱ्या, निरक्षर बाईची जमीन १९६७-६८ ला रस्त्यासाठी विनामोबदला घेतलेली, सरकार म्हणालं इतकी वर्षं आमच्याच ताब्यात आहे म्हणजे आमचीच झाली, कोर्टानं ते झिडकारलं आणि मोबदला द्यायला लावला. आणि ५ नोव्हेंबर २०२४ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठानं बहुमतानं ठरवलं की प्रत्येक खाजगी मालमत्ता म्हणजे समाजाची साधनसंपत्ती असं सरसकट म्हणता येणार नाही, तो खटला मूळचा मुंबईच्या जुन्या इमारतींचा. सरकारच खरं मालक असतं तर या तिन्ही निकालांना काही अर्थच उरला नसता.

बारीकसारीक बंधनं वेगळीच. पिकाऊ जमिनीत सहसा डी.सी.ची (जिल्हाधिकाऱ्याची) एन.ए., म्हणजे बिगरशेतीची ऑर्डर घेतल्याशिवाय घर बांधता येत नाही. खानापूरकडं मालकीच्या रानातलं शिसव-सागवान तोडायचं तर फॉरेस्टकडं हेलपाटे. चंदन तर २००१ ची दुरुस्ती होईपर्यंत तुमच्या बांधावर उगवलं तरी सरकारचं होतं, मग उगवलेलं रोपटं कोण राखणार, लोक गुपचूप उपटून टाकायचे. उलट दिशेनंही झालंय, शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची बंदी कर्नाटकानं २०२० मध्ये उठवली, मालकाला गिऱ्हाईक वाढलं, भाव वाढले, आणि आमच्या गावाकडच्या पोराला मात्र शेजारचं शेत घेणं अशक्य झालं. मालकीचा हक्क रुंद झाला की सगळ्यांचं भलंच होतं असं नाही.

आता उलटी भानगड, जी मला जास्त धोक्याची वाटते. लोक ‘कर भरतो म्हणजे मी मालक नाही का’ असं विचारत घाबरतात त्याच्या दसपट लोक ‘कर भरतो म्हणजे मी मालकच’ म्हणून निवांत झोपलेले असतात. पट्टीची पावती, खाता (पालिका-पंचायतीच्या करनोंदीतला उतारा), वर्दी मंजूर होऊन आरटीसीवर लागलेलं नाव, यातल्या कशानंही मालकी तयार होत नाही. आरटीसीतली नोंद उलटं सिद्ध होईपर्यंत खरी धरतात एवढंच, आणि सुप्रीम कोर्टानं पुन्हा पुन्हा सांगितलंय की नोंद ही साऱ्यासाठी, कर कोणाकडून घ्यायचा ते कळायला. मालकी खरेदीपत्रातून, वाटणीतून, वारसातून, मृत्युपत्रातून किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यातून येते. खानापूर भागात सरकारी जमीन बगरहुकूम, म्हणजे परवानगीशिवाय कसणारे लोक आहेत, पिढ्या गेल्या, सरकारला दंड भरलाय, त्याच्या पावत्या जपून ठेवल्यात, पण ५०, ५३, ५७ नंबरचा फॉर्म मंजूर होऊन जमीन मिळाल्याशिवाय त्या पावत्यांनी फक्त कसत होते एवढंच दिसतं.

आणि म्हणून तुमच्या तीन मिळकतींपैकी मला काळजी आहे ती दोन गुंठ्यांच्या प्लॉटची. बाकीची दोन कागदानं सरळ वाटतात, आकारबंद (मोजणी खात्याचं क्षेत्र आणि आकाराचं नोंदपुस्तक) आणि आरटीसीचं क्षेत्र जुळतंय का बघा आणि आजोबांनंतर सगळ्या वारसांची नावं लागलीत का ते, आत्यांची नावं वगळलेली असतील तर आजच मोकळेपणानं बोलून घ्या. प्लॉट मात्र शंभर रुपयांच्या बाँडवर आहे म्हणताय. बाँड म्हणजे खरेदी नव्हे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत नोंदणी केलेल्या खरेदीपत्राशिवाय विकली जात नाही, हा नियम १८८२ पासूनचा, आणि जनरल मुखत्यारपत्रावरचे असले व्यवहार २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं सुरज लॅम्पच्या निकालात उडवून लावलेत. ‘पण आम्ही ताब्यात आहोत’ हा बचावसुद्धा २००१ नंतरच्या नोंदणी नसलेल्या करारावर घेता येत नाही. म्हणजे तिथं घर बांधून दहा वर्षं पट्टी भरलीत तरी कागदावर मालक अजून तो मूळ शेतकरी किंवा त्याची मुलं.

सरकारनं २०२५ पासून शहरी हद्दीतल्या अनधिकृत लेआउटमधल्या प्लॉटना बी-खाता द्यायला सुरुवात केली, पहिल्या वर्षी दुप्पट कर घेतात. माझं वैयक्तिक मत, पैसे घ्यायचे आणि पावतीवर मालकी दिलेली नाही असंही म्हणायचं हा दुटप्पीपणा आहे, पण तुमच्या कागदावर मिळत असेल तर तरीही घ्या, कारण निदान मिळकत नोंदीत येते. फक्त खाता आला म्हणून पेढे वाटू नका. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ई-खाता (ऑनलाइन खाता) असल्याशिवाय सब-रजिस्ट्रार असल्या प्लॉटची खरेदी नोंदवत नाही, त्यामुळे पुढं नोंद करायची झाली तर तो लागेलच.

तेव्हा असं करा. मूळ शेतकरी हयात आहे का बघा, असेल तर त्याच्याशी गोड बोला, त्याच्या पोरांशी जास्त गोड बोला. त्या सर्व्हे नंबरचं आत्ताचं आरटीसी काढा, अकरा नंबरच्या रकान्यात कर्ज किंवा कोर्टाचा स्टे आहे का पहा. मागचे फेरफार काढा, जमीन कुळाची, वतनाची की ग्रँटची ते तिथंच कळेल. इ.सी., म्हणजे मिळकतीवरच्या नोंदलेल्या व्यवहारांचा आणि बोजांचा दाखला, जितकी जुनी मिळेल तितकी. एन.ए. झालीय का, लेआउट मंजूर आहे का. हे सगळं आणि तो बाँड घेऊन जवळच्या एखाद्या दिवाणी वकिलाकडं जा, मूळ कागद घरी ठेवून झेरॉक्स न्या. शेतकऱ्याच्या पोरांनी तोच प्लॉट दुसऱ्याला रजिस्टर करून द्यायच्या आत हे झालं पाहिजे, कारण मग तुम्ही कितीही पावत्या दाखवा, न्यायाधीश आधी त्याचं खरेदीपत्र हातात घेणार.